पाहून शिकवणारा शास्त्रज्ञ

पावसाळ्यात तुम्ही धानाच्या बांधीजवळून कधी गेला आहात का? रोवणीच्या दिवसांत आपल्या गोंदिया जिल्ह्यातील बांध्या पाण्याने भरतात. धुऱ्याच्या कडेला एखादे बीळ दिसते. त्यातून खेकडा बाहेर येतो. तुमची चाहूल लागताच तो नांगी उगारतो आणि आडवा पळत बिळात शिरतो. तुम्ही हसून पुढे जाता. पण अशाच एका साध्या जीवापासून प्राणिशास्त्राचा अभ्यास सुरू करता येतो, हे दाखवणारा एक शास्त्रज्ञ इंग्लंडमध्ये होऊन गेला. त्याचे नाव थॉमस हेन्री हक्सली.

थॉमसचा जन्म ४ मे १८२५ रोजी लंडनजवळच्या ईलिंग या गावी झाला. वडील शिक्षक होते, तरी थॉमसला जेमतेम दोन वर्षेच शाळेत जायला मिळाले. दहाव्या वर्षी शाळा सुटली; शिकणे मात्र सुटले नाही. तो पहाटे उठून मेणबत्ती लावी, खांद्याभोवती घोंगडी गुंडाळून घेई आणि अंथरुणातच पुस्तक वाचत बसे. जर्मन भाषा तो स्वतःच्या मेहनतीने शिकला. तुम्ही उर्दू शाळेत मराठी शिकता. दुसरी भाषा शिकायला किती कष्ट पडतात, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

१८४२ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून तो लंडनच्या एका रुग्णालयात वैद्यकीचे शिक्षण घेऊ लागला. विसाव्या वर्षी त्याने केसाच्या मुळाभोवतीचा एक नवा थर शोधून काढला. तो थर आजही हक्सलीच्या नावाने ओळखला जातो.

डोक्यावर कर्ज होते. म्हणून १८४६ मध्ये हक्सली नौदलात डॉक्टर म्हणून दाखल झाले. 'रॅटलस्नेक' नावाच्या जहाजातून ते ऑस्ट्रेलियाकडे गेले. समुद्रातून जेलीफिशसारखे जीव काढायचे, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे आणि त्यांची चित्रे काढायची, हा त्यांचा छंद होता. जेलीफिशचे शरीर मुळात दोन पापुद्र्यांचे असते, हे त्यांनी दाखवले. सिडनी शहरात हेन्रिएटा नावाच्या तरुणीशी त्यांचा विवाह ठरला.

१८५० मध्ये ते परतले. १८५१ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सभासद करून घेतले आणि पुढच्याच वर्षी पदक दिले. मान मिळाला, पण पोटापाण्याचे काय? विज्ञानाची नोकरी काही मिळेना. ठिकठिकाणी अर्ज केले, नकार आले. तिकडे हेन्रिएटा हजारो मैलांवर वाट पाहत होती. १८५४ मध्ये नौदलाने पुन्हा जहाजावर जाण्याचा हुकूम दिला. हक्सलींनी तो मानला नाही, तेव्हा त्यांचे नाव यादीतून काढून टाकण्यात आले. हातची नोकरी गेली, तरी त्यांनी विज्ञान सोडले नाही. त्याच वर्षी लंडनच्या खाणविद्येच्या शाळेत त्यांना शिक्षकाची जागा मिळाली. १८५५ मध्ये विवाह झाला. पहिल्या भेटीला तेव्हा आठ वर्षे झाली होती!

स्वतःला शाळा मिळाली नव्हती, याची त्यांना जाणीव होती. १८५५ पासून ते कामगारांसाठी व्याख्याने देऊ लागले. १८५९ मध्ये चार्ल्स डार्विन यांचा ग्रंथ निघाला, तेव्हा त्यांची बाजू हक्सलींनी जाहीरपणे मांडली. १८७१ मध्ये त्यांनी शाळेतील शिक्षकांसाठी वर्ग काढला. तिथे नुसते ऐकून चालत नसे. प्रत्येकाने जीव हातात घेऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे, असा नियम होता.

याच विचारातून १८८० मध्ये त्यांचे क्रेफिशवरील पुस्तक निघाले. क्रेफिश म्हणजे नद्या-ओढ्यांत राहणारा, झिंग्यासारखा दिसणारा, मोठ्या नांग्यांचा जीव. इंग्लंडमधील मुलांच्या तो ओळखीचा होता. हक्सलींनी त्याच्यापासून सुरुवात केली. त्याचे शरीर वीसेक खंडांचे असते. बहुतेक खंडांना अवयवांची एकेक जोडी असते. कुठे तिची मिशी होते, कुठे जबडा, कुठे नांगी, तर कुठे पाय. कामे निराळी, पण मूळ घडण एकच! अंग वाढले की जुने कवच अपुरे पडते; ते टाकून तो नवे कवच धारण करतो. पाय तुटला तर पुन्हा फुटतो. त्याच्या पोटात दातांची चक्कीच असते! एक जीव नीट समजला, की इतर जीव समजण्याची वाट मोकळी होते.

भारतात क्रेफिश मूळचा नाही. पण त्याचे भाऊबंद, म्हणजे झिंगे आणि खेकडे, आपल्याकडे भरपूर आहेत. नागपूरच्या सायन्स कॉलेजातील एस. एस. पटवर्धन यांनी खेकड्याच्या पोटातील चक्कीचा अभ्यास केला. तो १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला. १९३७ मध्ये नदीतील झिंग्यावर त्यांचे पुस्तक निघाले. त्यांनीही जवळच्याच जीवाकडे नीट पाहिले होते.

२९ जून १८९५ रोजी हक्सलींचे निधन झाले. आपल्या शाळेत मोठी प्रयोगशाळा नाही, म्हणून तुम्ही नाराज होऊ नका. पुढच्या पावसाळ्यात बांधीजवळ थोडा वेळ थांबा. खेकड्याचे पाय मोजा. तो काय खातो, कसा लपतो, ते पाहा आणि वहीत लिहा. त्याला इजा मात्र करू नका. तुमची पहिली प्रयोगशाळा तिथेच आहे.

स्वाध्याय
१. हक्सलींचे नाव नौदलाच्या यादीतून का काढले गेले?
२. क्रेफिशच्या अवयवांविषयी चार वाक्ये लिहा.
३. तुमच्या परिसरातील एका लहान जीवाचे आठवडाभर निरीक्षण करा व टिपण लिहा.