ऋणमोचनाचा वाटाड्या : श्रीगाडगेबाबा

सद्भक्तहो, अमरावती जिल्ह्यात पूर्णामाईच्या काठी ऋणमोचन नावाचे क्षेत्र आहे. पौषातल्या रविवारी तेथे यात्रा भरते. घर सोडल्यावर श्रीगाडगेबाबांनी आरंभीची सेवा केली ती याच क्षेत्री. नदीवर उतरताना यात्रेकरूंचे हाल होत, म्हणून तेथे घाट बांधण्याचे त्यांनी मनावर घेतले. क्षेत्राचे नाव आणि बाबांचे कार्य यांचा हा मेळ आम्हांस मोठा बोधाचा वाटतो. कारण ऋण माणसाला कसे खाते, हे त्यांनी घरातच पाहिले होते.

बाबांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी शेंडगाव येथे परीट कुळात झाला. नाव देबूजी. वडील झिंगराजी दारूच्या नादी लागले आणि देबूजी लहान असतानाच वारले. आई सखूबाई पोराला घेऊन माहेरी, दापुऱ्यास, आली. तेथे देबूजींनी मामाची गुरे राखली, नांगर धरला. मामाची शेती चांगली पिकत होती. पण मामा चंद्रभानजी भोळे, अक्षरओळख नाही. सावकाराच्या चोपडीत काय लिहिले आहे, हे त्यांना कसे कळावे? घाम गाळून पैका भरावा आणि देणे काही फिटू नये! अखेर जमिनीवर गदा आली आणि त्या धसक्याने मामा गेले. कबजा घ्यायला माणसे आली तेव्हा देबूजी शेतात पाय रोवून उभे राहिले. त्या दिवसापासून निरक्षरता आणि कर्ज या दोन्ही त्यांना सख्ख्या बहिणी दिसू लागल्या.

पुढे मुलीचे बारसे आले. जातीच्या रिवाजाप्रमाणे मांस आणि दारू हवीच! देबूजींनी मात्र गोडाचे साधे जेवण घातले. मंडळी कुरकुरली, पण रिवाजापायी घर गहाण टाकायचे नाही, हा त्यांचा निश्चय ढळला नाही.

1905 साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हाती झाडू, आणि एक मडक्याचे खापर. तेच डोक्यावर, तेच जेवायला. गावात शिरले की आधी गाव झाडायचे, मग भाकरी मागायची. रात्री कीर्तन. वऱ्हाडी बोलीत ते लोकांनाच प्रश्न विचारीत आणि लोकांच्याच तोंडून उत्तर काढीत. ताट नसेल तर हातावर भाकरी घ्या, लुगडे हलके घ्या, पण कर्ज काढून सण-लग्न करू नका आणि पोराला शाळेत घाला, असे ते कळवळून सांगत.

पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. लाखो रुपये हातांखालून गेले, पण त्यांतली दमडी घराकडे वळली नाही. कुंताबाई झोपडीत राहिल्या. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीजवळ बाबांनी देह ठेवला, तेव्हा स्वतःचे म्हणावे असे त्यांच्याजवळ काही नव्हते, आणि कुणाचे देणेही नव्हते.

वारकरी बंधुभगिनींनो, आपण एवढे तरी करू या. तुकोबारायांनी आपल्या वाट्याची खतपत्रे इंद्रायणीत सोडली, हे आपण कीर्तनात ऐकतो आणि घरी येऊन लग्नासाठी अंगठा उठवतो; हे कसे? मांडव लहान घाला. पैसे भरले की पावती घ्या. न्हाणीचे पाणी वाया जाते, त्यावर परसात अळू लावा, कुडावर दोडक्याचा वेल चढवा. अरणच्या सावतोबांनी मळ्यातच पांडुरंग पाहिला, आपल्याला चार वाफे जड का व्हावेत? कुणाचे देणे डोक्यावर नसले, म्हणजे पंढरीची वाटही हलक्या पायाने चालता येते.

रामकृष्णहरि.