कर्नल वॉल आणि अजगर

अज म्हणजे बकरा, आणि त्याला गिळणारा तो अजगर. नावातच आरोप घेऊन जन्मलेला हा प्राणी! आमच्या अकोले तालुक्याच्या डांगाणात त्याचे नाव निघाले की आधी काठीच उचलली जाते. सापांच्या पोटात खरोखर काय असते, हे चिरून पाहण्यात ज्यांनी हयात घालवली, त्या कर्नल फ्रँक वॉल यांची म्हणूनच ही ओळख.

वॉल यांचा जन्म १८६८ साली सिलोनमध्ये झाला. वैद्यक शिकून १८९३ मध्ये ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. सर्पदंशाच्या रोग्याबरोबर नातेवाईक मारलेला सापही आणीत. पण तो विषारी की बिनविषारी, हे सांगणार कोण? वॉल यांनी खवल्यांचा आधार घेतला. वरच्या ओठावरील तिसरा खवला नाकपुडीच्या खवल्याला आणि डोळ्याला, दोहोंना भिडला की साप नागाच्या कुळातला, अशा सोप्या खुणा त्यांनी मांडल्या. बदली होईल तिथले, कण्णूरचे, फैजाबादचे, आसामचे साप ते मोजीत, चिरीत आणि टिपून ठेवीत. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९०५ ते १९१९ पर्यंत त्यांची लेखमाला चालली. तीत अजगरही आला. १९२१ साली सिलोनच्या सापांवरचा त्यांचा ग्रंथ निघाला आणि १९५० मध्ये ते इंग्लंडात वारले.

अजगराला विष नाही. तो भक्ष्याची हाडे मोडतो हीही दंतकथाच. त्याच्या विळख्याने श्वास कोंडतो, रक्ताभिसरण थांबते. एकदा पोट भरले की आठवडेच्या आठवडे तो उपाशी राहू शकतो, आणि आपण त्याला आळशी म्हणून मोकळे होतो! मादी तर अंड्यांभोवती वेटोळे घालून सुमारे दोन महिने बसते आणि अंग आखडून, थरथरवून त्यांना ऊब देते. थंड रक्ताचा प्राणी ऊब कसली देणार, म्हणून विद्वानांनीही हे आधी हसण्यावारी नेले होते. १८४१ साली पॅरिसला प्रत्यक्ष तापमान मोजले, तेव्हा कुठे ते पटले.

करवंदांच्या दिवसांत आमच्या गावी एका कपारीत अजगर मारला गेला. कुणाचे तरी करडू हरवले होते. १९७२ च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे, हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हते. मीही गर्दीत होतो. पोट फाडले, तर ते रिकामेच निघाले. वेटोळ्याखाली मात्र अंडी होती, एकमेकांना चिकटलेली.