परवाना क्रमांक १

आरम नदीच्या कांठीं खेळणारीं आमचीं मुलें विमानाचा आवाज ऐकतांच माना वर करितात, आणि वैमानिक होण्यास काय करावें लागतें, असें आम्हांस विचारितात. नुसते नियम सांगण्यापेक्षां एका थोर पुरुषाचें चरित्र सांगून ह्या प्रश्नाचें उत्तर द्यावें, असें आम्हांस वाटतें.

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजीं पॅरिस येथें झाला. बालपणीं सुटींत ते फ्रान्सच्या समुद्रकिनाऱ्यावर राहत. इंग्लिश खाडी विमानानें प्रथम ओलांडणारे ब्लेरिओ तेथें त्यांचे शेजारी होते. विमानाची ओढ त्यांस तेथेंच लागली. पुढें केंब्रिजला जाण्याची त्यांची इच्छा होती. परंतु वडिलांच्या आज्ञेवरून १९२५ सालीं ते टाटांच्या पेढींत उमेदवारीस लागले, व विद्यापीठांत शिकण्याचा योग पुन्हां आला नाहीं.

मुंबईस फ्लाइंग क्लब निघाला, तेव्हां चोवीस वर्षांचे जहांगीरजी तेथें शिष्य झाले. प्रथम शिक्षकासह व नंतर एकट्यानें उडून त्यांनीं परीक्षा दिली. १० फेब्रुवारी १९२९ रोजीं हिंदुस्थानांत दिलेला पहिला परवाना त्यांस मिळाला. त्यावर क्रमांक १ होता.

इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील प्रवास एकट्यानें उडून करणाऱ्या हिंदी वैमानिकासाठीं आगाखान यांनीं बक्षीस लाविलें होतें. त्यासाठीं १९३० सालीं जहांगीरजी कराचीहून निघाले. मिसर देशांत अबुकीर येथें त्यांस प्रतिस्पर्धी अस्पी एंजिनियर भेटले. स्पार्क प्लगच्या अभावीं त्यांचें विमान अडून पडलें होतें. जहांगीरजींनीं आपल्याजवळचा जादा प्लग त्यांस दिला. एंजिनियर आधीं पोहोंचले व बक्षीस त्यांस मिळालें. तेच पुढें लष्करी वाटेनें जाऊन १९६० सालीं भारतीय वायुदलाचे प्रमुख झाले.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जहांगीरजी टपाल घेऊन कराचीहून उडाले. अहमदाबादेस बैलगाडींतून आणलेलें पेट्रोल भरून ते जुहू येथें उतरले. तेथून टपाल मद्रासेकडे नेणारे नेव्हिल व्हिन्सेंट हे ब्रिटिश वायुदलांतून आलेले होते. टपाल एकच, परंतु तें वाहणारे दोघे भिन्न वाटांनीं तयार झालेले! ह्याच सेवेंतून पुढें एअर इंडिया जन्मास आली.

आजहि ह्या दोन्ही वाटा खुल्या आहेत. मुंबईचा तोच क्लब जवळच्या धुळ्यास शिष्य तयार करितो. गोंदियासहि तशी संस्था आहे. ह्या वाटेनें धंदेवाईक परवान्यासाठीं २०० तास उड्डाण करावें लागतें. कांहीं विमानकंपन्या स्वतः उमेदवार निवडून ठरलेल्या संस्थांत शिकवितात. ह्या वाटा फार खर्चाच्या आहेत, हें आम्ही पालकांपासून लपवीत नाहीं. जहांगीरजींस घरची श्रीमंती होती; कांद्याच्या व डाळिंबाच्या भावावर जगणाऱ्या घरास ती नसते. परंतु खडकवासल्याच्या प्रबोधिनींतून वायुदलांत जाणाऱ्याचें शिक्षण सरकारी खर्चानें होतें, व २०२२ पासून तेथें मुलींसहि प्रवेश आहे. वायुदलांतील नोकरी संपल्यावर पुष्कळ वैमानिक प्रवासी विमानांकडे वळतात.

१९८२ सालीं, वयाच्या ७८ व्या वर्षीं, जहांगीरजींनीं कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हां लहान विमानानें केला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजीं ते निवर्तले. बालमित्रांनो, वाट घरच्या ऐपतीप्रमाणें निवडावी. त्यांत कमीपणा नाहीं. मात्र अबुकीर येथें प्रतिस्पर्ध्यास प्लग देणारें मन कोणत्याहि परवान्याबरोबर मिळत नाहीं. तें आतांपासून, ह्या शाळेंतच, तयार करावें लागतें.