विश्लेषण : रविवारची शर्यत नाकारणारे एरिक लिडेल ऑलिम्पिक सुवर्णपदकानंतर मैदान सोडून चीनला का गेले?

२०१२ च्या लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटन सोहळ्यात ‘मिस्टर बीन’ म्हणजेच रोवन ॲटकिन्सन कंटाळलेल्या चेहऱ्याने सिंथेसायझरची एकच कळ दाबत बसले होते, हे अनेकांना आठवत असेल. ती धून ‘चॅरियट्स ऑफ फायर’ या १९८१ च्या चित्रपटाची. सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर मिळवणाऱ्या या चित्रपटातल्या दोन नायकांपैकी एक म्हणजे एरिक लिडेल. रविवारी धावणार नाही म्हणून १०० मीटरची शर्यत सोडणारा धावपटू, एवढीच त्यांची ओळख बहुतेकांना असते. पण त्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेने त्यांच्याकडून जे मागितलं, त्यात ती शर्यत सगळ्यात छोटी गोष्ट होती.

रविवारी धावायला नकार का?

लिडेल यांचा जन्म १६ जानेवारी १९०२ रोजी चीनमधल्या तिआनजिन इथे झाला. आई-वडील स्कॉटिश, लंडन मिशनरी सोसायटीचे मिशनरी. शिक्षण मात्र ब्रिटनमध्ये झालं. एडिंबरा विद्यापीठात विज्ञानाची पदवी घेताना ते स्कॉटलंडकडून रग्बीचे सात आंतरराष्ट्रीय सामने खेळले आणि १९२३ मध्ये त्यांनी १०० यार्डांची शर्यत ९.७ सेकंदांत जिंकली. पुढच्या वर्षीच्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १०० मीटरसाठी ब्रिटनची मोठी आशा त्यांच्यावरच होती.

अडचण वेळापत्रकाची होती. १०० मीटरची प्राथमिक फेरी ६ जुलै १९२४ रोजी, म्हणजे रविवारी होती. बायबलमधल्या दहा आज्ञांपैकी एक आज्ञा शब्बाथ पवित्र पाळण्याची आहे. स्कॉटलंडच्या प्रोटेस्टंट घरांमध्ये रविवार हा शब्बाथ मानला जाई आणि त्या दिवशी काम नाही तसा खेळही नाही, अशी शिस्त असे. लिडेल याच शिस्तीत वाढले होते. त्यांनी १०० मीटरमधून नाव मागे घेतलं. दोन्ही रिले शर्यतींच्या अंतिम फेऱ्याही रविवारी होत्या, त्याही सोडल्या. त्यांच्यावर टीका झाली, पण निर्णय बदलला नाही.

चित्रपटात दाखवलं ते कितपत खरं?

चित्रपटात लिडेल यांना पॅरिसला जाणाऱ्या बोटीत चढताना वेळापत्रक कळतं, मग प्रिन्स ऑफ वेल्स त्यांचं मन वळवायला बसतात आणि ऐनवेळी एक सहकारी आपली ४०० मीटरची जागा देतो. यातलं काहीच तसं घडलं नाही. वेळापत्रक काही महिने आधीच कळलं होतं. त्यामुळे नकारही शांतपणे, पुरेसा आधी दिला गेला आणि उरलेल्या वेळात लिडेल यांनी २०० आणि ४०० मीटरची तयारी केली. पडद्यावर हे फिकं दिसलं असतं, हे मान्य. पण क्षणाच्या आवेशात नाही म्हणण्यापेक्षा महिनोन्‌महिने त्या नकारासह सराव करत राहणं अवघड असतं.

मग ४०० मीटरचं सुवर्ण कसं मिळालं?

९ जुलैला २०० मीटरमध्ये लिडेल यांनी २१.९ सेकंदांत कांस्य मिळवलं. ११ जुलैला ४०० मीटरची अंतिम फेरी होती आणि त्यांच्या वाट्याला सगळ्यात बाहेरची लेन आली. वळणाचा फरक भरून काढण्यासाठी बाहेरच्या लेनचा धावपटू पुढून सुरुवात करतो, त्यामुळे त्याला मागचे प्रतिस्पर्धी दिसत नाहीत आणि वेगाचा अंदाज बांधणं कठीण जातं. लिडेल यांनी अंदाज बांधायचाच सोडून दिला. पहिले २०० मीटर २२.२ सेकंदांत, म्हणजे दोन दिवसांपूर्वीच्या पदकाच्या वेळेपेक्षा जेमतेम ०.३ सेकंद जास्त! अशा वेगानंतर धावपटू शेवटी कोसळायला हवा. मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून धावण्याच्या आपल्या विचित्र शैलीत त्यांनी ४७.६ सेकंदांत शर्यत संपवली. तो ऑलिम्पिक विक्रम होता.

पदकानंतर काय झालं?

बहुतेक गोष्टी इथे संपतात. लिडेल तेव्हा २२ वर्षांचे होते आणि आणखी एक ऑलिम्पिक त्यांच्या आवाक्यात होतं. नाव होतं, लोकप्रियता होती. १९२५ मध्ये हे सगळं सोडून ते तिआनजिनच्या अँग्लो-चायनीज कॉलेजमध्ये मुलांना विज्ञान शिकवायला निघून गेले. १९३२ मध्ये त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. १९३४ मध्ये फ्लॉरेन्स मॅकेन्झी या कॅनेडियन परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं.

१९३७ मध्ये चीन-जपान युद्ध पेटलं आणि मिशनने त्यांना शाओचांग या ग्रामीण भागात पाठवलं. बायको-मुली तिआनजिनमध्ये आणि ते सायकलवरून दोन सैन्यांच्या मधल्या गावांमध्ये. त्यांचे भाऊ तिथल्या मिशनच्या रुग्णालयात डॉक्टर होते. जखमींना हातगाडीवर घालून रुग्णालयात आणण्याचं कामही लिडेल यांनी केलं.

परिस्थिती चिघळल्यावर १९४१ मध्ये त्यांनी गर्भवती फ्लॉरेन्स आणि दोन मुलींना कॅनडाला पाठवलं. स्वतः मागे राहिले. तिसरी मुलगी कॅनडात जन्मली, तिला त्यांनी कधीच पाहिलं नाही. पदक सोडण्याचं कौतुक करणं सोपं आहे. या निर्णयाचं काय करायचं, असा प्रश्न आजच्या वाचकाला पडला तर तो गैर नाही. त्याची किंमत एकट्या लिडेल यांनी मोजली नाही, फ्लॉरेन्स आणि तीन मुलींनीही मोजली.

छावणीत रविवारचा नियम का मोडला?

१९४३ मध्ये जपान्यांनी लिडेल यांना शानतुंग प्रांतातल्या वेईशिएन इथल्या नजरकैद छावणीत टाकलं. आजचं वेईफांग ते हेच. दीड हजारांहून अधिक परदेशी नागरिक तिथे कोंबलेले होते. त्यात आई-वडिलांपासून तुटलेली शाळकरी मुलंही होती. या मुलांसाठी ते ‘अंकल एरिक’ झाले. प्रयोगशाळा नव्हती, म्हणून रसायनशास्त्राची उपकरणं त्यांनी आठवणीतून वहीत काढून शिकवली. पाणी वाहून नेणं, खेळ भरवणं हीही कामं होतीच.

रविवारी मात्र ते खेळ घेत नसत. एका रविवारी मुलांनी आपापसात हॉकीचा सामना लावला. पंच नसल्याने त्याचं पर्यवसान मारामारीत झालं. पुढच्या रविवारी पंच म्हणून लिडेल स्वतः मैदानात उतरले. जो नियम त्यांनी ऑलिम्पिक पदकासाठी मोडला नाही, तो मुलांची भांडणं थांबावीत म्हणून मोडला.

१९४५ च्या सुरुवातीला त्यांचं डोकं सतत दुखू लागलं. हा अतिश्रमाचा परिणाम असावा, असं आधी मानलं गेलं. २१ फेब्रुवारीला, वयाच्या ४३ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. मेंदूत गाठ असल्याचं शवविच्छेदनात निष्पन्न झालं. छावणीची सुटका ऑगस्टमध्ये झाली. फ्लॉरेन्स यांना कॅनडात पतीच्या मृत्यूची बातमी मे महिन्यात मिळाली.