बियाण्यांचा खजिना जमवला, पण मृत्यू उपासमारीने. कोण होते निकोलाय वाविलोव?

दुष्काळ, थंडी, तांबेरा. पिकावर ही संकटं अनेकदा एकत्रच येतात. ती सगळी झेलणारं वाण एका प्रयोगशाळेत बसून सापडत नाही. म्हणूनच सोव्हिएत वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांनी १९२० च्या दशकात मोठा प्रयोग उभारला. ठरावीक वाणांचं तेच बियाणं उत्तरेच्या गारठ्यापासून मध्य आशियाच्या कोरड्या भागापर्यंत अनेक केंद्रांवर पेरायचं आणि नोंदी एकत्र करायच्या. कुठलं वाण कुठे तगतं, किती दिवसांत पिकतं, हे त्यातून कळू लागलं.

१८८७ मध्ये मॉस्कोत जन्मलेले वाविलोव बियाण्यांसाठी अफगाणिस्तान, इथिओपियापर्यंत फिरले. लेनिनग्राडच्या संस्थेत सुमारे अडीच लाख नमुने जमले.

अशा कामाला वर्षं लागतात. स्टालिनला मात्र घाई होती. झटपट उत्पादनवाढीचे दावे करणाऱ्या ट्रोफिम लायसेन्को यांचं पारडं जड झालं. १९४० मध्ये वाविलोव यांना अटक झाली. २६ जानेवारी १९४३ रोजी सारातोवच्या तुरुंगात उपासमारीने त्यांचा मृत्यू झाला.

तिकडे जर्मन वेढ्यात अडकलेल्या लेनिनग्राडमध्ये त्यांचे काही सहकारीही भुकेने गेले. संस्थेतल्या तांदळाच्या, शेंगदाण्याच्या नमुन्यांना त्यांनी हात लावला नव्हता.