हॅरी फर्ग्युसन : ट्रॅक्टरच्या पाठीमागचा माणूस

छोटा ट्रॅक्टर घ्यायचा म्हटलं की सगळे आधी काय विचारतात? किती एचपीचा? मग डिझेल किती खातो, मग किंमत, मग हप्ता. माहितीपत्रकात अगदी खाली थ्री पॉइंट लिंकेज, कॅटेगरी १ अशी एक ओळ असते. ती कुणी वाचत नाही. मेकॅनिकलची आम्ही पोरंसुद्धा वाचत नाही, मग बाकीच्या ब्रँचचं काय सांगावं!

ती ओळ ज्याच्या डोक्यातून निघाली त्या माणसाबद्दल मी इथे लिहिणार आहे. नाव हॅरी फर्ग्युसन. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजशी त्याचं काही देणंघेणं नाही हं. ते नाव मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचं. आपला हॅरी आयर्लंडचा. शेतकऱ्याचा मुलगा, वयाच्या चौदाव्या वर्षी शाळा सोडलेला.

त्याचा जन्म ४ नोव्हेंबर १८८४ चा, काउंटी डाउनमधल्या ग्रोवेल या खेड्यातला. अकरा भावंडं. घरातलं वातावरण अतिशय धार्मिक आणि कडक. हॅरीला ना ती धार्मिकता मानवली, ना घोड्यांमागं चालत नांगर धरणं. १९०२ साली तो बेलफास्टला पळाला. तिथे थोरल्या भावाचं, ज्योचं, सायकली आणि मोटारी दुरुस्तीचं गॅरेज होतं. इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड ओळखण्यात हॅरीचा हात धरणारं कुणी नव्हतं म्हणतात. मग डोक्यात विमान शिरलं. राइट बंधूंना उडून जेमतेम सहा वर्षं झाली होती, तेवढ्यात या पठ्ठ्यानं स्वतः विमान बांधलं आणि ३१ डिसेंबर १९०९ ला हिल्सबरोजवळ सुमारे १२० मीटर उडवून दाखवलं. आयर्लंडमधलं ते पहिलं उड्डाण. एवढ्यावरही त्याचं नाव इतिहासात राहिलं असतं. पण माझ्या दृष्टीनं त्याची खरी गोष्ट जमिनीवरच सुरू होते, ज्या नांगराला कंटाळून तो पळाला होता त्याच नांगरापाशी.

१९११ मध्ये त्यानं स्वतःचा मोटारींचा धंदा काढला आणि १९१४ पासून ओव्हरटाइम नावाचा अमेरिकन ट्रॅक्टर विकायला घेतला. अडीच टनांच्या पुढचं धूड. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी ब्रिटनकडे येणारी धान्याची जहाजं बुडवायला सुरुवात केली, तेव्हा १९१७ साली सरकारनं फर्ग्युसनला आयर्लंडभर फिरून शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर आणि नांगर नीट चालवायला शिकवण्याचं काम दिलं. सोबत विली सँड्स हा त्याचा मेकॅनिक. दोघे गावोगाव फिरले आणि एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. ट्रॅक्टर म्हणजे तेव्हा नुसता लोखंडी घोडा होता. घोडा सोडायचा आणि त्याच जागी साखळीनं ट्रॅक्टर जोडायचा, मागचा नांगर तोच. जड मातीत चाकं घसरू नयेत म्हणून ट्रॅक्टर आणखी जड करायचा. जड केला की माती दबते, मग ती फोडायला आणखी ताकद लागते. म्हणजे दुष्टचक्रच.

आणि यात जीव जायचे. कसे, ते थोडं सविस्तर सांगतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. इंजिन मागच्या चाकांना फिरवतं. समजा फाळ जमिनीतल्या खडकाला अडकला आणि नांगर जागच्या जागी थांबला. इंजिन तर जोर लावतंच आहे. चाक फिरू शकलं नाही तर फिरणार कोण? ॲक्सलभोवती ट्रॅक्टरच फिरतो. पुढची चाकं हवेत, नाक आभाळाकडे, आणि एक-दोन सेकंदांत ट्रॅक्टर मागे उलटून चालवणाऱ्याच्या अंगावर. १९१७ साली आलेला हेन्‍री फोर्डचा फोर्डसन हलका आणि स्वस्त होता, लाखांनी खपला, पण या उलटण्यासाठी तो बदनाम झाला. उडी मारायलाही वेळ मिळायचा नाही.

फर्ग्युसननं प्रश्नच वेगळा मांडला. ट्रॅक्टर आणि नांगर ही दोन यंत्रं नाहीतच, ते एकच यंत्र आहे असं धरलं तर? नांगर मागे ओढायचा नाही, तो ट्रॅक्टरच्या अंगालाच जोडायचा. त्यासाठी खाली दोन दांड्या आणि वर मध्यभागी एक. खालच्या दोन दांड्या नांगर ओढतात. माती फाळाला मागे रेटते तेव्हा नांगराचा वरचा भाग पुढे कलायला बघतो, त्यामुळे वरची दांडी, म्हणजे आपली टॉप लिंक, ट्रॅक्टरला पुढे ढकलते. ही ढकल ॲक्सलच्या वरच्या बाजूला बसते, म्हणून नाक उचलायच्या ऐवजी खाली दाबलं जातं. ज्या जोरानं माणूस मरत होता तोच जोर त्यानं माणसाला वाचवायला लावला. शिवाय नांगराचं वजन आणि त्यावरचा मातीचा दाब मागच्या चाकांवर येतो, म्हणजे फुकटात पकड वाढते. ट्रॅक्टर जड करायची गरजच संपली. टीओएमच्या वहीत एक फ्री बॉडी डायग्रॅम काढून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. त्याला मात्र त्यात कित्येक वर्षं गेली.

पुढची करामत हायड्रॉलिकची. टॉप लिंकच्या टोकाशी त्यानं स्प्रिंग बसवली. माती कठीण लागली की स्प्रिंग जास्त दबते, ती व्हॉल्व्ह हलवते, आणि हायड्रॉलिक लिफ्ट नांगर किंचित वर घेते. माती मऊ लागली की उलटं. ओढ जवळपास सारखी राहते, चालवणाऱ्याला मागे वळून बघावं लागत नाही. खडक लागला तर मागच्या चाकांवरचा जादा भार एकदम सुटतो आणि चाकं जागच्या जागी घसरतात, ट्रॅक्टर उलटत नाही. आपण ज्याला कंट्रोल सिस्टिममध्ये फीडबॅक म्हणतो तो हा, मातीत चालणारा. याचं ब्रिटिश पेटंट १९२६ चं. ड्राफ्ट कंट्रोल या नावानं ते आजही चालू आहे.

पेटंट झालं म्हणून पोट भरत नाही. अमेरिकेत शर्मन बंधूंबरोबर फोर्डसनसाठी नांगर काढले, तर १९२८ मध्ये फोर्डनं अमेरिकेत फोर्डसन बनवणंच थांबवलं. शेवटी १९३३ मध्ये त्यानं स्वतःचा काळ्या रंगाचा एक नमुना ट्रॅक्टर बांधला. तो आता लंडनच्या सायन्स म्युझियमकडे आहे. १९३६ पासून डेव्हिड ब्राउनच्या कंपनीनं त्यावरून फर्ग्युसन-ब्राउन ट्रॅक्टर बनवायला घेतला. किंमत २२४ पौंड, आणि प्रत्येक अवजाराचे २६ पौंड वेगळे. फोर्डसन त्याहून पुष्कळ स्वस्त, आणि त्याला घरातली जुनी अवजारं चालायची. शेतकऱ्यांनी दोन किमती शेजारी ठेवल्या आणि फोर्डसन घेतला. फर्ग्युसन-ब्राउन कसेबसे साडेतेराशे निघाले.

किमती शेजारी ठेवून हरलेला हा माणूस मग ट्रॅक्टरच शेजारी ठेवायला निघाला. ऑक्टोबर १९३८ मध्ये आपला ट्रॅक्टर जहाजात घालून तो अमेरिकेत डिअरबॉर्नला, थेट हेन्‍री फोर्डच्या शेतावर पोचला. तुलनेसाठी शेतात एक फोर्डसन आणि एक ॲलिस-चाल्मर्सचा छोटा ट्रॅक्टरही आणला होता. फर्ग्युसनच्या ट्रॅक्टरनं दोघांना मागे टाकलं. ७५ वर्षांचा फोर्डही मुळात शेतकऱ्याचाच मुलगा. शेतातच टेबल-खुर्च्या मांडल्या गेल्या, फर्ग्युसननं चावीचं एक छोटं मॉडेल काढून तत्त्व समजावलं. वकील नाही, कागद नाही. फोर्डनं बनवायचं, फर्ग्युसननं विकायचं, डिझाइन फर्ग्युसनचं, आणि कुणालाही कधीही कारण न देता बाहेर पडता येईल, एवढं बोलून दोघांनी हात मिळवले. एवढा मोठा औद्योगिक व्यवहार नुसत्या हस्तांदोलनावर! जून १९३९ मध्ये फोर्ड ९एन बाजारात आला, ५८५ डॉलरला. १९४७ पर्यंत तो आणि त्याचा भाऊ २एन मिळून तीन लाखांच्या वर बनले.

इथे जरा थांबून आजच्या गोष्टीकडे येतो. आमच्या घरी सध्या छोटा ट्रॅक्टर घ्यायचं चाललंय. द्राक्षबाग आहे, दोन ओळींत आठ-नऊ फूट अंतर, मोठा ट्रॅक्टर आत शिरला की काड्या मोडतो. अण्णांनी तीन माहितीपत्रकं आणलीत : १५ एचपीचा एक सिलिंडरचा, १८ एचपीचा तीन सिलिंडरचा, आणि २४ एचपीचा फोर व्हील ड्राइव्ह. सगळी चर्चा एचपीवर. मी म्हटलं, आधी मागची बाजू बघू. लिफ्टची क्षमता समजा ७५० किलो लिहिलीय. ती बहुतेक वेळा लोअर लिंकच्या टोकाशी मोजलेली असते. पण अवजाराचं वजन तिथे नसतं, ते त्याच्याही फूट-दोन फूट मागे असतं. ४०० लिटरचा ब्लोअर भरला तर नुसतं पाणीच चारशे किलो, वर पंखा, पंप, सांगाडा. ट्रॅक्टर स्वतः सातशे-आठशे किलोचा. चढावर पुढची चाकं हलकी पडणारच. म्हणून पुढं वजनं लावता येतात का, चाकांची रुंदी कमीजास्त करता येते का, हे एचपीच्या आधी विचारायचं. ड्राफ्ट कंट्रोल आहे की नुसता पोझिशन कंट्रोल, हेही बघायचं. नांगरटीला तो हवाच, पण नुसता रोटाव्हेटर आणि ब्लोअर चालवणार असाल तर त्याच्यासाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही. रोटाव्हेटरला पीटीओवर मिळणारी एचपी महत्त्वाची, आणि ती इंजिनाच्या एचपीपेक्षा कमी असते. विक्रेत्याला हे प्रश्न आवडत नाहीत असा माझा अनुभव आहे. सरळ सांगायचं, आमचं भरलेलं अवजार लावून आमच्या बांधावर वळवून दाखवा. फर्ग्युसनही हेच करायचा. दोरीनं आखलेल्या छोट्याशा चौकोनात तो ट्रॅक्टर फिरवायचा, कोपरे नांगरायचा आणि चाकाचा ठसाही मागे न ठेवता बाहेर यायचा.

आता पुन्हा मागे. १९४५ मध्ये फोर्ड कंपनी नातवाच्या, हेन्‍री फोर्ड दुसऱ्याच्या, हातात गेली. ट्रॅक्टरच्या धंद्यात कंपनीला तोटा होतोय असं त्याचं म्हणणं. त्यानं विक्रीसाठी स्वतःची वेगळी कंपनी काढली, १९४७ मध्ये फर्ग्युसनला बाहेर केलं, आणि तीच लिंकेज, तेच हायड्रॉलिक वापरून ८एन आणला. करारात कुणालाही कधीही बाहेर पडायची मुभा होती, हे खरं. पण पेटंट वापरायची नव्हती. फर्ग्युसननं १९४८ मध्ये २५ कोटी डॉलरचा दावा लावला. चार वर्षं खटला चालला आणि एप्रिल १९५२ मध्ये ९२.५ लाख डॉलरवर तडजोड झाली. पेपरवाल्यांनी त्याला विजेता ठरवलं. मागितलेलं आणि मिळालेलं यांचा हिशोब केला तर मला तो विजय जरा महागातलाच वाटतो. तोपर्यंत मुख्य पेटंटांची मुदतही संपत आली होती, आणि तीन दांड्या सगळ्यांच्याच ट्रॅक्टरवर दिसायला लागल्या होत्या.

या भांडणाच्या काळातच त्याचं सगळ्यात चांगलं काम झालं. इंग्लंडमध्ये कोव्हेंट्रीच्या बॅनर लेन कारखान्यात स्टँडर्ड मोटर कंपनीनं १९४६ पासून टीई२० बनवायला घेतला. करड्या रंगाचा, वजन साधारण ११०० किलो, ताकद सुरुवातीला २४ एचपीच्या आसपास. म्हणजे आज आपण ज्याला छोटा ट्रॅक्टर म्हणतो त्याच वर्गातला. १९५६ पर्यंत ५ लाख १७ हजारांवर बनले. सोबत एक पाना मिळायचा, बहुतेक नटांना तो एकच पुरायचा. त्यावर इंचांच्या खुणा होत्या, त्याच पान्यानं तासाची रुंदी मोजायची आणि टाकीतलं इंधनही. मला हा पाना पेटंटाइतकाच आवडतो. माणूस नीटनेटकेपणाच्या बाबतीत वेडा होता, शेतातही टाय लावून जाणारा. लंडनच्या क्लॅरिजेस या उंची हॉटेलात १९४८ साली त्यानं हा ट्रॅक्टर पाहुण्यांसमोर चालवला आणि पायऱ्यांवरून उतरवून नेला. हिलरींची तुकडी ४ जानेवारी १९५८ ला दक्षिण ध्रुवावर पोचली तीही पट्टे चढवलेल्या फर्ग्युसन ट्रॅक्टरांवरून.

१९५३ मध्ये त्यानं आपला धंदा कॅनडाच्या मॅसी-हॅरिसमध्ये विलीन केला. किंमत १ कोटी ६० लाख डॉलर की १ कोटी ७० लाख, यावर अडलं. फर्ग्युसननं नाणं उडवायला सुचवलं. दहा लाख डॉलर छापा-काट्यावर! तो हरला आणि हसत सोळा घेतले. वर्षभरात नव्या कंपनीशीही त्याचं बिनसलं आणि १९५४ मध्ये तो बाहेर पडला. १९५८ मध्ये कंपनीचं नाव मॅसी फर्ग्युसन झालं. त्याच कंपनीच्या सहकार्यानं १९६० मध्ये मद्रासला टॅफे सुरू झाली, आणि म्हणून आपल्याकडे गावोगाव लाल मॅसी दिसतो. ज्याचं नाव बॉनेटवर आहे तो माणूस करड्या रंगावर अडून बसायचा हे चालवणाऱ्यांना कुठून माहीत असणार.

शेवटची वर्षं बरी गेली नाहीत. निद्रानाश आणि नैराश्य पाठीस लागलं होतं. तरी डोकं चालूच होतं : मोटारीची चारही चाकं इंजिनाला जोडायची, म्हणजे ओल्या रस्त्यावर घसरून माणसं मरणार नाहीत. त्यासाठी त्यानं वेगळी संशोधन कंपनी काढली होती. ती कंपन्यांच्या गळी उतरवता उतरवता २५ ऑक्टोबर १९६० ला इंग्लंडमधल्या ॲबट्सवूड इथल्या घरी त्याचा मृत्यू झाला. ११ महिन्यांनी, सप्टेंबर १९६१ मध्ये, ओल्टन पार्कच्या ओल्या ट्रॅकवर त्याच कंपनीची फर्ग्युसन पी९९ ही फोर व्हील ड्राइव्ह गाडी स्टर्लिंग मॉसनं पहिली आणली. फॉर्म्युला वनच्या गाड्यांच्या शर्यतीत चारही चाकांना ताकद देणाऱ्या दुसऱ्या कुठल्याच गाडीनं त्यानंतर पहिला नंबर काढलेला नाही.