११० पौंडांत विकलेली कादंबरी

बीबीसीची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही १९९५ सालची सहा भागांची मालिका आम्ही आजही आवडीने पाहतो. मूळ लेखिका जेन ऑस्टिन यांचे नाव मात्र त्यांच्या हयातीत एकाही पुस्तकावर छापले गेले नाही.

जन्म १७७५ चा, इंग्लंडमधील स्टीव्हन्टन गावी, पाद्र्याच्या घरी. या कादंबरीचा पहिला खर्डा विशी-एकविशीतला. वडिलांनी प्रकाशकाला पत्र लिहिले. त्याने हस्तलिखित न पाहताच नकार कळवला. १८०२ मध्ये एका श्रीमंत घरच्या मुलाने मागणी घातली. जेननी संध्याकाळी होकार दिला आणि सकाळी तो मोडला! पुढे वडील वारले, आई व दोघी बहिणींची भिस्त भावांवर आली.

अखेर कादंबरी विकली गेली. मागितले १५० पौंड, मिळाले ११०, आणि हक्क प्रकाशकाकडे. छापून आली १८१३ मध्ये. खपली चांगली, पण नफा त्याचा. आयुष्यभर बँकेत हिशेब पाहिलेल्या आम्हाला हा व्यवहार सलतो. २०१७ पासून इंग्लंडच्या दहा पौंडांच्या नोटेवर जेनच आहेत!

१८१७ मध्ये, ४१व्या वर्षी त्या गेल्या.

मालिकेतला नायक डार्सी तळ्यात पोहून ओल्या सदऱ्यानेच एलिझाबेथसमोर येतो, तो प्रसंग कादंबरीत नाहीच. तरी चाहते त्यासाठी अजून लाइम पार्कला जातात. आम्हाला मात्र त्या दोघांची बोलाचालीच अधिक आवडते. ती जेनची आहे.